शुक्रवारचा खाऊ

ती माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा नुकतीच तीन वर्षांची झाली होती. आईच्या कडेवर होती. "आंटी, जपून घ्या हं, जड आहे," आई म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. पोरीने माझ्या गळ्यात हात टाकले, मान खांद्यावर ठेवली आणि डोळे मिटले. मी तिला घेऊन खुर्चीत बसले. पायांना मुंग्या आल्या तरी मी उठले नाही.

बहरीनला, मनामातल्या सूकच्या, जुन्या बाजाराच्या मागे आमची इमारत आहे. खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं दुकान, आणि वर चार मजले. आम्ही सगळ्यात वर, आणि मुलगी, तिचे आईबाप असे ते तिघं आमच्या समोरच्या दारात. माझा नवरा एका हॉटेलच्या लाँड्रीत आहे. मीही पूर्वी एका हॉटेलात बुकिंगच्या टेबलावर होते. त्यांनी माणसं कमी केली तेव्हा माझी नोकरी गेली, आणि मी नवऱ्याच्या व्हिसावर घरीच बसले. आम्ही वसईचे. मुलगा तिकडे माझ्या बहिणीपाशी वाढला. तो या मुलीएवढा होता तेव्हा मी इथे परक्या लोकांच्या खोल्या बुक करत होते. तो काय खातो, किती खातो, हे मला फोनवर कळायचं.

समोरचे मराठवाड्यातले, परभणीकडचे. बौद्ध होते. घरात शिरल्याबरोबर समोर बुद्धाची लहानशी मूर्ती आणि तिच्यापुढे रोज ताजं पाणी. मुलीचा बाप शहराबाहेर अस्कर गावाकडे अॅल्युमिनियमच्या कारखान्यात टेक्निशियन होता. पहाटे कंपनीच्या बसने जायचा, दुपार कलताना परत यायचा. आई एका दवाखान्यात बिलाच्या काउंटरवर. दोघं कामावर गेली की मुलगी माझ्याकडे.

दिवसभर ती तशी शांत असायची. उन्हाळ्यात इथे लेकराला बाहेर काढताच येत नाही. सकाळी आठलाच रस्ता तापलेला असतो, आणि खाली उतरलं तरी समोर गाड्यांचा तळ. पडदे ओढायचे, एसी लावायचा, टीव्ही लावायचा. ती सोफ्यावर बसून कार्टून बघायची आणि माझ्याशी त्याच इंग्रजीत बोलायची. मराठी तिला सगळं कळायचं. "भूक लागली का गं?" म्हटलं की, "येस, आंटी." कधीही विचारा, येसच.

दुपारी जिन्याकडे लिफ्टचा आवाज झाला की मात्र उठायची. दार उघडून पळत सुटायची, थेट बापाच्या पायांना मिठी. दिवसभरात तिचं तेवढंच धावणं. त्याच्या हातात चिप्सचं पाकीट आणि आंब्याच्या ज्यूसचा डबा असायचा. रोज. कोल्ड स्टोअरवाला त्याला येताना बघूनच काउंटरवर काढून ठेवायचा. मग बाप तिथेच, माझ्या दाराशी, बूट न काढता उकिडवा बसून तिला खाताना बघायचा. अंगाला कारखान्याचा तापलेला वास आणि तोंडभर हसू.

माझंही काही कमी नव्हतं. मी केळ्याचे तळलेले काप करायचे, रव्याचा केक करायचे. ताट रिकामं झालं की मला बरं वाटायचं.

तिला केजीत घालायचं ठरलं तेव्हा तपासणीसाठी हेल्थ सेंटरला न्यायचं होतं. बापाची शिफ्ट होती म्हणून आईबरोबर मी गेले. तिथली नर्स बहरीनचीच, काळ्या पायघोळ अबायातली, मोठ्या आवाजाची बाई. आमच्याशी हिंदीत बोलत होती. तिने मुलीला काट्यावर उभं केलं, उंची घेतली, मग पुन्हा काट्यावर उभं केलं. कागदावरच्या रेघा दाखवून म्हणाली, इतक्या वयाच्या मुलीला हे वजन फार आहे. झोपेत घोरते का?

"घोरते," आई म्हणाली. "बापासारखीच घोरते." ती हसून म्हणाली, पण नर्स हसली नाही.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. आत्ता आवरलं तर आवरेल, उंची वाढेल तसं वजन अंगाला बसेल. शाळेची वर्षं अशीच गेली तर साखर, रक्तदाब, गुडघे, सगळं लवकर मागे लागेल. घरात कुणाला साखर आहे का? आईने मान हलवली. सासऱ्यांना होती, त्यातच गेले.

निघताना नर्सने मुलीची हनुवटी धरली आणि बोट नाचवत म्हणाली, "जूस खलास. चिप्स मफी. यल्ला, रन!" मफी म्हणजे नाही, यल्ला म्हणजे चल. पोरगी खदखदून हसली. टॅक्सीत घरी येईपर्यंत तेच म्हणत होती, चिप्स मफी, चिप्स मफी.

जिन्यात आई मला म्हणाली, "आंटी, आमच्याकडे सगळे हिला गुटगुटीत म्हणतात. व्हिडिओवर बघून सासूबाई खूश होतात. अन् ही बाई म्हणते आजार आहे. मी जाऊन घरात काय सांगू?"

त्या दुपारी बाप नेहमीसारखा पाकीट घेऊन आला. बायकोने त्याला माझ्याच घरात सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि पाकीट फोडून मुलीच्या हातात दिलं.

"अरे, ती काय सांगतेय?" मी म्हणाले.

"ऐकलं, आंटी." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "मी एवढा होतो तेव्हा आमच्या गावात एकच दुकान होतं. शाळेतून येताना मी त्याच्यासमोर उभा राहायचो. बिस्किटाचे पुडे दोरीला टांगलेले असायचे. दुकानदार म्हणायचा, काय घ्यायचंय? मी म्हणायचो, काही नाही. रोज म्हणायचो. बघण्यासाठीच थांबायचो मी. माझं लेकरू असं बघत उभं राहणार नाही. बाकी डॉक्टरला काय बोलायचं ते बोलू द्या."

मी चहा टाकला. तो प्यायला आणि मुलीला घेऊन गेला.

पुढे काही आठवड्यांनी लिफ्ट बंद पडली. मी घरात भाजी चिरत होते, तर जिन्यातून धापांचा आवाज आला. बाहेर जाऊन वाकून पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बाप पायरीवर बसला होता, मांडीवर मुलगी. ती एक मजला चढली होती आणि मग रडायला लागली होती, म्हणून त्याने उचललं. आता दोघंही तोंड उघडून श्वास घेत होती. त्याचा चेहरा लाल झाला होता, शर्ट पाठीला चिकटला होता. मुलगी त्याच्या छातीवर हात ठेवून म्हणत होती, "पप्पा, यू आर लाउड."

त्याने वर पाहिलं. मी पाणी घेऊन खाली गेले. तो अर्धा ग्लास प्यायला, अर्धा तिला पाजला. मग म्हणाला, "आंटी, ही चार वर्षांची आहे. माझं सोडा. ही का थांबली?"

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हाताने आला. पोरीने त्याचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले, खिसे चाचपले. मग जमिनीवर आडवी पडून अशी रडली की शेजारपाजारची सगळी दारं उघडली. बाप भिंतीला टेकून उभा होता. त्याचेही डोळे भरले होते. "आंटी, तुम्ही सांगा हिला," म्हणाला. शेवटी त्यानेच तिच्याशेजारी जमिनीवर बसून करार केला. पाकीट फक्त शुक्रवारी. शुक्रवारी पप्पाला सुट्टी. एक पाकीट, दोघांत अर्धं अर्धं.

"ओन्ली फ्रायडे?" ती हुंदके देत म्हणाली.

"ओन्ली फ्रायडे."

त्यानंतर ती रोज सकाळी आल्याबरोबर मला विचारायची, "आंटी, इज इट फ्रायडे?" मी म्हणायचे, नाही गं, आज सोमवार. आज मंगळवार. वार ती अशीच शिकली.

आम्ही तिघांनी मिळून बरंच बदललं. सोपं गेलं असं नाही. मी मुगाची धिरडी करायला लागले. तिच्या आईने सूकमधल्या आपल्या दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं आणि लहान लहान भाकऱ्या थापून माझ्याकडे ठेवायला लागली. मुलीने पहिली भाकरी फेकून दिली, दुसरी कुस्करून टाकली. काकडीवर मात्र तिचा जीव बसला. टीव्ही दुपारी बंद करायचा ठरलं, तेव्हा तिच्याइतकाच त्रास मला झाला. सगळी दुपार रिकामी पडली. मग मी पायमोज्यांचा चेंडू केला आणि आम्ही दोघी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये खेळायला लागलो. चेंडू मोज्यांचाच, कारण शेजारचा रात्रपाळीचा माणूस झोपलेला असायचा. मी स्टुलावर बसून फेकायचे आणि ती पळत जाऊन आणायची.

थंडी पडली तसा बापाने तिला समुद्राकडच्या बागेत न्यायला सुरुवात केली. कामावरून आला की चहा, आणि मग दोघं बाहेर. एकदा मीही गेले. त्याने वाळूत रेघा ओढून तिला लंगडी शिकवली. ती दोन उड्या मारून धपकन बसायची. मग तो घालून दाखवायचा. एवढा जाड माणूस एका पायावर नाचतोय म्हणून बाकावरच्या अरबी बायका तोंडावर पदर, म्हणजे त्यांची ती ओढणी, घेऊन हसत होत्या. त्याला पर्वा नव्हती. "कॅच मी, पप्पा," म्हणत ती पळाली, आणि तो मुद्दाम मागे राहिला. थोड्या वेळाने तो मुद्दाम राहत नव्हता. गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. मी म्हणाले, "तूही एकदा दाखवून घे डॉक्टरला." तो म्हणाला, "इंशाल्ला, आंटी. हिचं मार्गी लागू द्या आधी."

पुढच्या तपासणीला वजन जवळजवळ तेवढंच होतं आणि उंची वाढली होती. नर्सने तिला उचलून फिरवलं. त्या शुक्रवारी समोरच्या घरात खिचडी-कढी होती, मलाही ताट आलं. आई सांगत होती, घोरणं कमी झालं आहे. बाप म्हणाला, "आता मी एकटाच घोरतो. घरात जरा शांतता झाली."

तो गेला तो दिवस सोमवार होता. उन्हाळा संपत आला होता, पण बाहेर अजून पाय ठेववत नव्हता. दुपारी नेहमीच्या वेळी लिफ्टचा आवाज झाला, मुलगी पळाली, तर तो दुसराच कुणी होता. ती दाराशीच बसून राहिली. मग माझा फोन वाजला. नंबर तिच्या आईचा होता, पण बोलत होती तिच्या दवाखान्यातली दुसरी कुणी. बस मनामाला पोचली, सगळे उतरले, आणि तो उतरला नाही. खिडकीला डोकं टेकून होता. सोबतच्यांना वाटलं झोपलाय. शिफ्टनंतर सगळेच झोपतात. हलवलं तेव्हा कळलं. हॉस्पिटलात नेलं, पण नुसतं न्यायचं म्हणून. हृदय बंद पडलं होतं.

त्याचं वय अजून चाळिशीच्या अलीकडचं होतं.

मी फोन ठेवला. मुलगी दाराशी बसून मोज्यांच्या चेंडूतला धागा ओढत होती. "पप्पा लेट," म्हणाली. मी म्हणाले, हो.

संध्याकाळपर्यंत त्यांचं घर माणसांनी भरलं. त्यांच्या समाजाची मंडळी कुठून कुठून आली, कारखान्यातली, ऑफिसांतली. बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. कुणीतरी त्याचा फोटो मोठा करून आणला, त्यापुढे मेणबत्ती लावली. आई हॉस्पिटलातून आली आणि भिंतीला पाठ लावून बसली. तिला कुणी हाक मारली तरी कळत नव्हतं. सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. मला शब्द येत नव्हते, मी हात जोडून उभी होते आणि मुलगी माझा झगा धरून. तिला वाटलं कार्यक्रम आहे. मोठ्यांबरोबर तिनेही हात जोडले.

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. कुणी सांगायचं, हेच ठरत नव्हतं. आणि सांगता येत नव्हतं म्हणून जो येईल तो तिच्या हातात काहीतरी देत होता. एकाने चॉकलेट दिलं. एकीने ज्यूसचा डबा दिला. कारखान्यातले लोक तर खालच्या दुकानातून पिशवीच भरून घेऊन आले होते. कोल्ड स्टोअरवाला स्वतः वर आला. तो मल्याळी माणूस दारात उभा राहून नुसता रडला आणि जाताना मुलीच्या मांडीवर तेच चिप्सचं पाकीट ठेवून गेला.

तिने पाकिटाकडे पाहिलं. फोडलं नाही. उठून माझ्याकडे आली आणि माझ्या कानाशी लागून विचारलं, "आंटी, इज इट फ्रायडे?"

वर्षभर मी तिला रोज खरा वार सांगितला होता. त्या दिवशी मी म्हणाले, "हो बाळा. फ्रायडे."

पाकीट मीच फोडून दिलं. ती माझ्या मांडीवर बसून खायला लागली. एक एक काढून, नीट. अर्धं झाल्यावर थांबली. पाकिटाचं तोंड दुमडलं, दोन्ही हातांनी दाबलं आणि फोटोपुढच्या मेणबत्तीशेजारी नेऊन ठेवलं. "पप्पाज हाफ," म्हणाली.

भिंतीला टेकून बसलेल्या तिच्या आईने तेव्हा पहिल्यांदा हंबरडा फोडला.

कागदपत्रं व्हायला काही दिवस लागले. मुलीचा व्हिसा बापाच्या नावावर होता, आणि आईच्या पगारात तिचं इथे राहणं बसत नव्हतं. तरी मी म्हणाले, "राहा. मी आहे ना, मी सांभाळते हिला." तिने माझा हात धरला. "तुम्ही सांभाळाल, आंटी. पण रोज कामावरून आल्यावर ते दार कसं उघडू मी?" ज्या विमानाने त्याला नेलं त्याच विमानाने दोघी गेल्या. विमानतळावर मुलगी माझ्या कडेवर होती. हलकी झाली होती. मला ते जाणवलं आणि त्याचा अजिबात आनंद झाला नाही. "यू ऑल्सो कम," ती म्हणाली. मी डब्यात धिरडी आणि काकडीचे काप भरून दिले, आणि माझ्या नवऱ्याने तिला माझ्याकडून घेऊन आईकडे दिलं. मला ते जमलं नसतं.

याला आता दोन उन्हाळे झाले. सुरुवातीला आठवड्यातून एकदोनदा फोन व्हायचा. तालुक्याच्या गावी एका खासगी हॉस्पिटलात आईला काउंटरवर काम मिळालं आहे. मुलगी आजीजवळ असते. पहिल्या काही महिन्यांतच मला स्क्रीनवर दिसत होतं. गाल भरले, मग मान दिसेनाशी झाली. तिचं इंग्रजी गेलं. आता ती तिथल्यासारखं बोलते. "काय करायलीस, आंटी?" विचारते. मला ऐकायला इतकं गोड वाटतं, आणि बोलताना तिच्या हातात दर वेळी काहीतरी असतं, पेढा नाहीतर कुरकुऱ्यांची पुडी.

एकदा मी आईला म्हणालेच. "अगं, पुन्हा वाढतंय गं तिचं. डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतं ना?"

ती म्हणाली, "आंटी, सगळं आठवतं. पण नाही कुणाला म्हणू? सासूबाई देतात. दीर देतो. शाळेतल्या बाई देतात, गल्लीतले देतात. सगळ्यांना वाटतं, बिचारीचा बाप नाही. बाप नसलेल्या लेकराच्या हातातला खाऊ काढून घेणारी मी कोण? एकदा काढून घेतला तर सासूबाई म्हणाल्या, माझा लेक असता तर त्याने असं केलं असतं का?"

तो लेक आमच्या कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसून मुलीशी करार करताना त्यांनी पाहिलेला नव्हता. तो मी पाहिला होता, आणि त्या पोरीने. मी सासूबाईंना फोन द्यायला सांगावा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण ज्या बाईने मुलगा पेटीतून उतरवून घेतला तिला मी वजनाचं काय सांगणार होते?

मला त्यानंतर इमारतीतल्या दोघीतिघींनी विचारलं, आमचं मूल सांभाळाल का म्हणून. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं.

मागच्या आठवड्यात फोन झाला. आई कामावरून यायची होती, म्हणून आजीने मुलीच्याच हातात दिला. दात पडला होता, तो दाखवून झाला. मी विचारलं, "खेळायला जातेस का गं बाहेर? लंगडी घालतेस?"

"मी न्हाई खेळत. पोरी खेळत्यात," ती म्हणाली. "मला दम लागतो."

"थोडं थोडं खेळायचं. बसून घ्यायचं, परत उठायचं."

"हां," म्हणाली. मग तिला पलीकडून कुणीतरी हाक मारली. तिने फोन खाटेवर तसाच टाकला आणि गेली. मला वरचे पत्रे दिसत होते आणि तिचं कुणाशी तरी बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. माझा नवरा शेजारी येऊन बसला. थोडा वेळ त्यानेही ते पत्रे बघितले. मग म्हणाला, "बंद कर आता," आणि मी म्हणाले, "थांब जरा, येईल ती."